अन्नाला नाव ठेवायचं न्हाय

(हौसाक्का, वय सत्तरीच्या आसपास. निपाणीजवळच्या एका गावी, घरामागच्या परड्यात बसून त्यांनी सांगितलेलं. नातीच्या वर्गशिक्षिकेनं ऐकून लिहून घेतलेलं.)

बसा बाई, त्या पाटावर बसा, भुई अजून वली हाय, सकाळीच सारवलोय. तुम्ही दारात दिसलासा तवा मला वाटलं, शाळंच्या बाई घरी येतात म्हंजे पोरगीनं कायतरी केलं असणार. तर तुम्ही सांगितलासा की श्रेया शाळंत बिसिऊटाच्या वेळंला, ते दुपारचं जेवण देतात तवा, आधी आपण घास खाऊन बघती आणि मगच शेजारच्या पोरींस्नी खावा म्हणती, तवर कुणाला ताटाला हात लावू देत न्हाय. ते ऐकून मला हसू आलं, म्हणलं ही तर माझीच शिकवण. पण मग तुम्ही दुसरं सांगितलासा, की ती मैतरणीला म्हणली, माझ्या ताटातली भाजी आईनं खाल्ली म्हणून माझी आई मेली. बाई, हे ती मला कवाच बोलली न्हाय. सा वर्सं झाली त्याला. सा वर्सं ती माझ्या कुशीत झोपती आणि हे पोटात धरून झोपती, आणि मला वाटायचं की चार वर्साचं पोर हुतं, इसरलं असंल. तुमची ती वही काढा आणि लिवून घ्या. तिची आई तिच्यामुळं मेली न्हाय. माझ्यामुळं मेली. हे मला तिच्या तोंडाकडं बघून सांगाय येत न्हाय, लई दिवस बघितलो, जीभ उचलत न्हाय. तुम्ही लिवा, ती वाचंल. तिला वाचाय येतंय, तुम्हीच शिकिवलासा.

आणि एक, मी आलो-गेलो म्हणतो ते तसंच लिवा. पुस्तकात बायका आले-गेले म्हणतात हे मला म्हाईत हाय, पण आमच्यात बाईमाणूसबी आलो-गेलोच म्हणतंय, आणि तुम्ही ते नीट करायला गेलासा तर श्रेयाला वाटंल हे आज्जीचं बोलणंच न्हवं.

मधनंच सांगितलो तर कळायचं न्हाय, पहिल्यापासनं सांगतो. माझं म्हायेर काकतीचं. बाबा दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा, आम्ही चार भैणी, भाऊ न्हाय, आणि घरामागं आईचं परडं, दोन खाटा टाकल्या तर भरंल एवढंच. पण त्यात काय नव्हतं ते इचारा. दुधी, दोडका, तवसं म्हंजे काकडी, वरण्याच्या शेंगा, कोपऱ्यात मिरची, न्हाणीच्या पाण्यावर अळू. आई सकाळी दारात हुबी ऱ्हाऊन वारं बघायची आणि म्हणायची, आज बी टाकू नका गं, उद्या पाऊस झोडपून काढंल, आणि खरंच झोडपायचा. शिकली कायबी न्हवती, पण ते तिला कळायचं. माझं लगीन ठरलं आणि इकडं निपाणीच्या बाजूला दिलं, तवा ओटीत खण-नारळासंगं आई एक फडकं बांधून घातली, त्यात सगळं बी. म्हणली, हे माझ्या आईच्या म्हायेरचं हाय, दरसाल लाव आणि दरसाल राख, एक साल चुकलीस तर गेलं. दागिना म्हणशीला तर कानातलं आणि डोरलं, बाकी माझ्याकडं हे बीच हुतं. म्हणून सांगतो, त्या बियाचा मला लई गर्व हुता.

बी राखायची रीत असती. मांडवावरचं पयलं चांगलं फळ खायचं न्हाय, त्याला चिंधी बांधायची म्हंजे कोण तोडत न्हाय, ते वेलावरच वाळू द्यायचं, मग फोडून बी राखंत चोळायचं आणि तुंब्यात भरून चुलीवर टांगायचं. तुंबा म्हंजे वाळलेला भोपळा, पण तो कडू भोपळ्याचाच लागतो, कडूला कीड शिवत न्हाय. हे ध्यानात ठेवा बाई, ह्या तुंब्यापायीच पुढचं सगळं झालं.

सासू माझी खमकी हुती. लगीन होऊन आलो तवा ती मला तीन गोष्टी सांगितली. एक, भोपळा, दोडका, तवसं चिरायच्या आधी टोक कापायचं आणि जिभेला लावायचं, एकांदं कडू निघतंय आणि कडू पोटात गेलं तर इख हाय. दोन, कडू भोपळ्याचा वेल आणि गोड दुधीचा वेल एका परड्यात लावायचा न्हाय, एकमेकाचं वारं लागतंय आणि दुसऱ्या सालच्या बियात कडू उतरतंय. आणि तीन, ह्या घरात अन्नाला नाव ठेवायचं न्हाय. ताटात पडलं ते खायचं, खारट असू दे, जळकं असू दे, पदरी पडलं पवित्र झालं. मी एकदा भाकरी कच्ची हाय म्हणलो तर ती माझं ताट उचलून म्हशीपुढं ठेवली. त्या दिशी उपाशी ऱ्हायलो. मग कवा बोललो न्हाय, आणि पुढं मी सासू झालो तवा तेच आपल्या सुनंला शिकिवलो. आपण सोसलं ते दुसऱ्यानं सोसलं न्हाय तर आपल्याला वाटतंय आपलं फुकट गेलं. हे मला आता कळतंय, तवा कळत नव्हतं.

मालक लवकर गेलं, माझा पोरगा संजू आठवीत हुता. मग मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायला लागलो. सकाळी सातची यष्टी, दिवसभर चाळण घेऊन बसायचं, तंबाखू चाळायची, पाला एकीकडं, भुकटी एकीकडं. ती धूळ नाकात, डोळ्यात, भाकरीच्या फडक्यात. पयल्या दिशी मी तिथं ओकलो आणि सगळ्या बायका हसल्या, म्हणल्या, ह्याला औषिद तंबाखूच. मग मिशेरी शिकलो. तव्यावर तंबाखू काळी करायची, कुटायची आणि दातावर घासत बसायचं. सकाळी एकदा, जेवून एकदा, मग हळूहळू दिवसातनं सात-आठ वेळा. पंचवीस वर्सं बाई. दात गेलं, हिरड्या काळ्या पडल्या, ते दिसत हुतं, पण जीभ मेली ते दिसत नव्हतं. जीभ मरताना दुखत न्हाय. आज थोडी, उद्या थोडी. मीठ मी हाताच्या सवयीनं घालायचो, तिखट सवयीनं घालायचो, आणि घरात कोण नाव ठेवायचं न्हाय म्हणल्यावर मला सांगणार कोण?

रेणुका सून म्हणून आली ती बेळगावच्या शहापूरची. तिचा बा मागावर लुगडी इणायचा, बारकी गल्ली, दारातनं आत गेलं की मागाचा खटखटाट. शेणात हात घालायची तिला सवय नव्हती, पयल्या पावसात ती परड्यात घसरून पडली आणि चिखलात बसून हसत सुटली. लई गोड हसायची. संजू बेळगावला कारखान्यात कामाला, आठ दिवसातनं येणार, म्हंजे घरात मी आणि तीच. येऊन महिना झाला नसंल, जेवायला बसलो आणि ती मला म्हणली, आत्ती, आमटी वाइच खारट झालीय, बटाटा टाकू का त्यात? मला आत्ती म्हणायची ती. साधं बोलली बघा, तोंडात राग न्हाय, काय न्हाय. आणि मी काय केलो म्हणता? म्हणलो, उचलली जीभ लावली टाळ्याला, तुझ्या बाच्या घरात चालत असंल हे. आठ दिवस तिच्याशी बोललो न्हाय. ती पाया पडली तवा बोललो. मग तिनं कवा तोंड उघडलं न्हाय. नुसती जेवताना तांब्या जवळ घेऊन बसायची, घास खायची, पाणी प्यायची. मला वाटायचं शहराकडची हाय, पाणी लई लागतंय हिला. आता वाटतंय, बाई, किती वर्सं ती माझं मीठ गिळली असंल.

आता त्या सालचं सांगतो. त्याच्या आदल्या साली माझा तुंबा चिरला. मालकांनी केलेला हुता, जुना. नवा करायचा म्हंजे कडू भोपळा पायजे, तो आता कोण लावत न्हाय, पूर्वी पोरं पाठीला बांधून हिरीत पवायला शिकायची म्हणून तरी लावायची. मी कुठनंतरी बी आणलो आणि परड्याच्या पार टोकाला, काट्याच्या कुपाटीवर सोडलो. शेजारी माझी थोरली जाऊ ऱ्हाती, शेवंताक्का. ती कुपाटीवरनं बघितली आणि म्हणली, हौसा, सासू काय म्हणायची इसरलीस काय गं? मी म्हणलो, आक्का, तू तुझं परडं बघ. एवढ्या लांबनं काय वारं लागतंय, म्हणलो. तुंबा झक्कास झाला. त्यातच गोड दुधीचं बी भरून टांगलो. आणि ते बी दुसऱ्या साली लावलो, माझ्या आईचं बी म्हणून लावलो. वाऱ्यानं झालं का कसं झालं ते मला म्हाईत न्हाय. शिकलेली माणसं सांगतील. मी एवढंच जाणतो की सासू सांगितलती आणि मी ऐकलो न्हाय.

त्या साली मिरगात पाऊस लागला आणि मग पळाला. श्रावणात चैतासारखं ऊन. ढगं यायची, कोल्लापूरच्या बाजूला जायची, आम्ही नुसतं बघत बसायचो. वेल दुपारी मान टाकायचा, मी धुण्या-भांड्याचं पाणी घालून घालून त्याला जगिवलो. रेणुका हापशावरनं घागरी आणायची, दोन घरात आणि एक वेलाला, हसत म्हणायची, आत्ती, तुमच्या दुधीला माझ्यापरास जास्त जपतासा. श्रेया मागनं बारकी तपेली घेऊन. त्या वेलाला पाणी घालून घालून मोठं केलं ते तिनंच.

सोमवार हुता. सकाळी रेणुका झाडलोट केली, शेणी लावली, घागरी भरली. मी दुधी तोडून आणलो, बियाचा चिंधी बांधून वेलावर सोडलता, हा खायचा पयला, हातभर, हिरवागार, नखानं टोचलं तर पाणी सुटायचं. टोक कापलो आणि जिभेला लावलो. काय लागलं न्हाय. काय लागलं न्हाय म्हंजे चांगलं हाय, असंच मी इतकी वर्सं समजत आलतो. कडू लागलं न्हाय पण गोडबी लागलं न्हवतं, कायच लागलं न्हवतं, हे मनात आलं न्हाय. मिशेरी थुकून तोंड खळखळून बसलतो चिरायला. हरभऱ्याची डाळ घालून भाजी केलो, भाकरी केलो, तिघींची ताटं वाढलो.

श्रेया पयलाच घास तोंडात घातली आणि थू करून ताटात टाकली. म्हणली, आज्जी, कडू हाय.

बाई, चार वर्साचं पोर खरं बोललं. आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातलो. म्हणलो, ह्या घरात अन्नाला कडू म्हणत न्हाईत, ताटात थुकतीस व्हय गं सटवे. रेणुका तवर एक-दोन घास खाल्ली हुती, तिचा हात थांबला. मी बघितलो तिचा हात थांबलेला. तिला कळलं हुतं, बाई. तिची जीभ चांगली हुती. माझ्याकडं एकदा बघितली, मग पोरीला जवळ घेतली, तिला दूध-भाकरी कुस्करून दिली आणि तिची भाजी आपल्या ताटात वढून घेतली. टाकायचं न्हाय ना, मीच शिकिवलतो. तांब्या जवळ घेतली, घास खाल्ली, पाणी प्याली. आणि मी मनात म्हणलो, सून तयार झाली आता. वर कढईत ऱ्हायलं हुतं तेबी मी तिच्या ताटात वाढलो, म्हणलो, खा, दिवसभर राबतीस. ती खाल्ली. सगळं खाल्ली. मी माझं थोडंच खाल्लो, दात न्हाईत, डाळ चावत न्हाय. मी थोडं खाल्लो म्हणून जगलो. श्रेया थुकली म्हणून जगली. हे नीट लिवा, ठळक लिवा. पोरगी थुकली ते बरोबर केली. तिच्या आईनं तिचं खाल्लं ते पोरीनं दिलं म्हणून न्हाय, मी बघत बसलतो म्हणून.

तीन वाजायला रेणुका धुणं धूत हुती, तशीच दगडावर बसली आणि ओकायला लागली. मलाबी मळमळलं, मीबी दोनदा ओकलो, मला वाटलं ऊन बाधलं. लिंबू-साखरंचं पाणी दिलो, ते ठरलं न्हाय. मग जुलाब. पाच वाजता उलटीत रगत दिसलं तवा मी शेवंताक्काला हाक मारलो. शेवंताक्काच्या जावयाची गाडी हुती, त्यातनं निपाणीला दवाखान्यात नेलो. रेणुकाचं डोस्कं माझ्या मांडीवर, अंग बर्फावाणी थंड, आणि सगळ्या वाटंत तिचं एकच, आत्ती, श्रेयाला बघा, श्रेयाला बघा.

डॉक्टर पोरगेला हुता, कन्नड-मराठी मिसळून बोलायचा, चांगला माणूस. त्याची काय चूक न्हाय, हेबी लिवा. सलाईन लावला आणि मला इचारला, आज्जी, काय खाल्ली ही? मी म्हणलो, घरचंच, भाकरी आणि दुधीची भाजी. त्यानं लगीच मान वर केली. म्हणला, दुधी कडू हुता काय? मी म्हणलो, न्हाय वो, मी सवता टोक चाखून चिरलोय, सवता खाल्लोय. खोटं बोललो न्हाय बाई मी. माझ्या जिभंला जे कळलं ते सांगितलो. मग तो रेणुकाकडं वळला, वाकून इचारला, तुम्ही सांगा, भाजी कडू लागली का? ती डोळं उघडली. त्याच्याकडं बघितली न्हाय, माझ्याकडं बघितली. आणि म्हणली, न्हाय.

तो म्हणला, मग शिळं-पाकं काय खाण्यात आलं असंल, आणि त्या हिशोबानं औषिद चालू केला. दुसऱ्या दिशी सकाळी रगतदाब पार खाली गेला तवा बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्हेलं. संजू तिथंच आला, कामावरच्या कापडात. दुपारी दोनला ती गेली. अठ्ठावीस वर्साची. आधी कळलं असतं, आल्या आल्या मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं, तर वाचली असती का, हे मी नंतर एका डॉक्टराला इचारलो. तो म्हणला, सांगता येत न्हाय. मला तर वाटतंय तो वाचली असती म्हणला असता तर मी हिरीत उडी टाकून मोकळा झालो असतो, आणि वाचली नसती म्हणला असता तर कवातरी झोप लागली असती. सांगता येत न्हाय म्हणल्यावर रोज उठायचं आणि रोज इचार करायचा.

माती दिऊन आलो. तिसऱ्या दिशी शेवंताक्का आमच्यात चूल पेटवायला आली. मांडवाला दुसरा दुधी लोंबत हुता, तो ती तोडली, टोक कापली आणि जिभेला लावली. आणि थुकली. परत थुकली. पदरानं जीभ पुसली आणि माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्हणली, हौसा, हे इख हाय गं. मी तिच्या हातातनं तो तुकडा घेतलो आणि तोंडात टाकून चावलो. कायच लागलं न्हाय. चावत ऱ्हायलो. शेवंताक्का तोंडात बोट घालून ते काढली. तवा मला कळलं की माझी जीभ मेलीया, आणि माझ्या मेलेल्या जिभंवर ते घर जेवत हुतं.

त्याच दिशी वेल उपटलो. तुंबा खाली घेतलो आणि बियासकट चुलीत घातलो. दुधीचंच न्हवं, दोडक्याचं, वरण्याचं, सगळंच. चारजणींच्या हातनं आलेलं बी, माझ्या हातात संपलं. आता मी निपाणीच्या बाजारातनं पाकीट आणून लावतो, त्यावर चित्र असतंय, माझ्यासारखीला तेवढंच बरं हाय. मिशेरीबी त्या दिशी सोडलो. आक्का म्हणली, जीभ परत येती म्हणतात. सा वर्सं झाली, थोडं आंबट कळतंय, बाकी काय न्हाय. वरातीमागनं घोडं.

गावात कोण म्हणलं करणी, कोण म्हणलं तिला आधीच पोटाचं दुखणं हुतं. मी गप ऱ्हायलो. संजूला एवढंच सांगितलो की दुधी कडू निघाला, मला कळलं न्हाय. त्यानं मला एक शबुद इचारला न्हाय. शेवंताक्काबी कुणाजवळ बोलली न्हाय, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण धपाट्याचं मी संजूला सांगितलो न्हाय. कढईतलं वर वाढलो ते सांगितलो न्हाय. डॉक्टरनं इचारल्यावर ती माझ्याकडं बघून न्हाय म्हणली, ते तर कुणालाच सांगितलो न्हाय, आज पयल्यांदा तोंडातनं काढतोय. मरायला टेकलेली पोर, बाई, तवाबी तिला माझ्या भाजीला नाव ठेवायला भ्या वाटलं. का माझी लाज राखली म्हणायची? काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत न्हाय. भ्या वाटलं असंल तर मी राक्षीण, आणि लाज राखली असंल तर मी त्याहून वाईट.

तेव्हापासनं ह्या घराची जीभ म्हंजे श्रेया. पाच वर्साची हुती तवापासनं मी तिला म्हणतो, बाळ, हे टोक बघ जिभेला लावून, गिळायचं न्हाय, सांग कसं हाय. आमटी झाली की बशीत घालून देतो, सांग मीठ कसं हाय. ती म्हणती, आज्जी खारट, की मी पाणी घालतो. म्हणती आळणी, की मीठ घालतो. मला वाटायचं हे मी चांगलं करतोय, जे तिच्या आईचं बंद केलं ते हिचं उघडं ठेवतोय. आणि आज तुमच्याकडनं ऐकल्यावर कळलं की ती प्रत्येक टोक जिभेला लावताना काय इचार करत असंल. दहा वर्साची पोर. माझं पाप मी तिच्या जिभंवर ठेवलो आणि मोकळा फिरलो.

म्हणून हे लिवा. हौसाबाईनं सासूचं ऐकलं न्हाय आणि वेल लावला, हौसाबाईची जीभ तंबाखूनं मारली, हौसाबाईनं खरं बोलणाऱ्या पोरीला धपाटा घातला आणि सुनंला गिळायला लावलं. श्रेयाचं ह्यात काय न्हाय. लिवून झालं की वही तिच्याच हातात द्या, ती माझ्यापाशी बसून मोठ्यांदा वाचू दे, मी ऐकतो. मग ती मला शिव्या देऊ दे, बापाला सांगू दे, इथनं उठून शहापूरला आजोळी जाऊ दे. मी आडवा यायचो न्हाय. देव तिला सासर असं देऊ दे जिथं तोंडातलं खरं कोण गिळायला लावणार न्हाय, एवढंच मागतो, बाकी माझं काय मागणं ऱ्हायलेलं न्हाय.

झालं. ऊन वर आलं, वारं पडलंय बघा, दुपारनं पाऊस लागंल. श्रेया आत दोडका चिरतीया. थांबा, इचारतो. व्हय गं, टोक बघितलीस का? ऐकलासा, गोड हाय म्हणती.

आता जेवूनच जावा, न्हाय म्हणू नका. तिनं चाखलंय, तरी तुम्हीबी आधी घासभर बघा. आणि खारट असलं तर खारट म्हणा, कडू असलं तर ताटातच थुका, मला राग यायचा न्हाय. पण तिच्या समोर म्हणा बाई, मोठ्यांदा म्हणा, तिला ऐकू दे.